उतारा

निकालाच्या दिवशी बारामतीच्या चौकात फ्लेक्स चढतो आणि इंदापूर तालुक्यातल्या वस्तीवर मोबाईल पालथा पडतो.

फ्लेक्सवर ९९ पर्सेंटाईल. पालथ्या मोबाईलमध्ये ६१.

९९ वाल्याचं कौतुक करायला क्लास आहे, हार आहे, गावातले चार पुढारी आहेत. ६१ वाल्याशी बोलायला कोण आहे? म्हणून आजची जागा त्याला.

हा पालथा मोबाईल माझ्या भाच्याचा. भिगवण-बारामती रस्त्याला वस्ती, तीन एकर ऊस, चार गायी. बारामतीतून बी.कॉम. झाला, एमबीएची सीईटी दिली, ६१ वर अडकला. रात्री ताईचा फोन. ‘‘अरे, पुण्याला टाकू का त्याला क्लासला? बघ की एखादी कॉट.’’ मागून दाजींचा आवाज. ‘‘काय नको. एमआयडीसीत चिकटव म्हणावं कुठंतरी.’’ भाचा त्याच खोलीत. गप्प.

एक आई, एक बाप, एक मामा. पेपरात नेमकं काय झालं, हे तिघांपैकी एकानेही विचारलं नव्हतं.

आणि हेच दाजी! ऊस तुटला की गाडी आधी वाटेतल्या खाजगी काट्यावर चढवतात, मग कारखान्याला धाडतात. पावती आली की चष्मा पुसून वाचतात. भरलेलं वजन, रिकामं वजन, वजावट. शे-पन्नास किलो इकडेतिकडे झाले तरी कारखान्याच्या चिटबॉयला गाठून हिशेब मागतात.

पोराच्या वर्षभराच्या कष्टाची पावती मात्र न वाचताच फाडायला निघाले होते.

उसाच्याच भाषेत बोलू. सोमेश्वर, माळेगाव, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा. एवढे कारखाने ज्यांच्या उशाशी आहेत, त्यांना टन आणि उतारा यांतला फरक शिकवावा लागत नाही. टन म्हणजे ऊस किती गेला. उतारा म्हणजे त्यातून साखर किती निघाली. एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, ठरतो तो उताऱ्यावर. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यामागे क्विंटलला ३५५ रुपये, आणि उतारा चढेल तसा दर चढतो.

भाच्याला विचारलं, अभ्यास किती केलास?

‘‘रोज आठ तास, मामा. अभ्यासिका लावली होती.’’

हे टन झाले. उतारा कुठाय?

आठ तासांत काय करायचास? व्हिडिओ बघायचो. किती वेळ? पाच तास तरी. व्हिडिओत गणित सोडवतं कोण? शिकवणारा. मग सराव कुणाचा झाला? पोरगं गप्प झालं. घड्याळ लावून पूर्ण पेपर किती सोडवलेस, हा शेवटचा प्रश्न. उत्तर आलं, ‘‘दोन. दुसरा अर्धा.’’

पुढच्या रविवारी मी वस्तीवर गेलो. ओसरीत टेबल टाकलं, जुना प्रश्नसंच ठेवला, शेजारी ताईचं गजराचं घड्याळ. दोनशे प्रश्न, दीडशे मिनिटं. सेकंदांत सांगायचं तर ९ हजार सेकंद, म्हणजे एका प्रश्नाला ४५. हा भागाकार त्याने परीक्षेआधी कधी केलाच नव्हता. तुम्ही केलात?

बावीस प्रश्न झरझर झाले. तेविसाव्याला गाडी रुतली. आठ माणसं गोल टेबलाभोवती, काहींची तोंडं आत, काहींची बाहेर, कुणाच्या उजवीकडे कोण? त्याने गोल काढला, खोडला, पुन्हा काढला. गोठ्यात गाय हंबरली, त्याने मान वर केली नाही. सहा मिनिटं तो त्या टेबलाभोवती फिरत होता. मी घड्याळ बघत होतो आणि जीभ चावून गप्प होतो. शेवटी उत्तर सापडलं. चेहरा असा खुलला, की जणू मैदान मारलं.

सहा मिनिटं म्हणजे आठ प्रश्नांचा वेळ. एक मार्क आला, सातांना त्याने हातसुद्धा लावला नाही.

गजर झाला तेव्हा तो १४२ वर होता. पुढचे ५८ कोरे.

अठ्ठावन्न! सीईटीत चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय. न वाचता खुणा केल्या तरी सरासरीने पाचातली एक लागते. ५८ मधल्या अकरा-बारा लागल्या असत्या. त्या त्याने सोडून दिल्या. कुणासाठी?

‘‘नक्की येत नव्हतं ना, मामा.’’ खोदून विचारल्यावर कळलं, क्लासमध्ये कॅट आणि सीईटी एकाच दावणीला बांधल्या होत्या. कॅटमध्ये पर्यायांच्या प्रश्नाला बरोबरचे तीन आणि चुकीचा वजा एक. सीमॅटलाही चार आणि वजा एक. तिथे हात आखडता घेणं शहाणपणाचं. तोच आखडता हात सीईटीत नेला, की पदरचे मार्क जातात. आपण कुठली परीक्षा देतोय आणि तिचा नियम काय, हे पहिल्या दिवशी भिंतीवर लिहून ठेवायला काय हरकत होती?

आता कुणी म्हणेल, अकरा-बारा मार्कांनी असा काय फरक पडतो?

पडतो. पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत, हे अजून किती वर्षं सांगायचं? ६१ पर्सेंटाईल म्हणजे शंभरातले एकसष्ट जण तुमच्या बरोबरीला किंवा तुमच्या मागे. २०२५ मध्ये या परीक्षेला दीड लाखावर अर्ज होते. ही गर्दी आपल्या वाटेवरच्या पालखीसारखी असते. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसरकडे निघते तेव्हा मधल्या दिंड्यांत पाय ठेवायला जागा नसते, आणि पहाटेच पुढे निघालेले वारकरी रस्त्यावर सुटे सुटे दिसतात. दाटीत दोन पावलं जोरात टाकली की पन्नास माणसं मागे पडतात. पुढच्या मोकळ्या रस्त्यावर एकाला गाठायचं तर फर्लांगभर पळावं लागतं. परीक्षेतही मधल्या मार्कांवर पोरांची अशीच दाटी असते. ९८ चे ९९ करताना घाम निघतो. ६१ वाला दहा-बारा मार्कांत बराच वर सरकतो.

ज्याला दाजी एमआयडीसीत चिकटवायला निघाले होते, तो बारा मार्क ओसरीतल्या टेबलावर ठेवून उठला होता.

नुसत्या खुणा मारून कुणी मुंबईच्या जमनालाल बजाजसारख्या कॉलेजला पोचत नाही, हेही उघड आहे. ती शेवटच्या दोन मिनिटांची गोष्ट. आधीच्या १४८ मिनिटांचं काय?

पेपराची वाटणी बघा. तर्काचे ७५, गणिताचे ५०, इंग्रजीचे ५०, आकृत्यांचे २५. भाच्याला विचारलं, सगळ्यात जास्त प्रश्न कशाचे? म्हणाला, गणिताचे. भीतीपोटी सहा महिने गणिताच्या मागे काढले होते. पन्नासच्या वावरात पाणी तुंबलं आणि पंच्याहत्तरचं वावर कोरडं राहिलं. दारं धरणाऱ्या घरातला पोरगा हा!

आकृत्यांचे २५ सगळ्यांत आधी हातात घ्यावेत. तिथे इंग्रजी लागत नाही, सूत्र लागत नाही, मोठ्या शहरातली शाळा लागत नाही. बाण फिरतो, ठिपका सरकतो, चौकोन काळा होतो. रोज दहा सोडवले की तीन आठवड्यांत डोळ्याला वळण पडतं. आमच्या पोराने ते सगळेच कोरे ठेवले होते, कारण ते पेपरात शेवटी आले. शेवटी आलेलं आधी सोडवायला कुणाची मनाई होती?

मग नाती. तर्काच्या भागात नात्यांचे प्रश्न हमखास असतात आणि मराठी पोरं तिथे हमखास घसरतात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण तिथे आपण राजे असायला हवं. इंग्रजीची आंटी म्हणजे आपली काकू, मामी, आत्या आणि मावशी. चार वेगळ्या बायका, चार वेगळी घरं, लग्नात चार वेगळे मान. आपल्या पोरांना हे तिसऱ्या वर्षी कळतं. मग पेपरात ‘फादर्स सिस्टर’ दिसली की इंग्रजीत का चाचपडता? आत्या म्हणा आणि पुढे चला. आत्याचा मुलगा आतेभाऊ, मामाची मुलगी मामेबहीण. नातं आपल्या शब्दात उतरलं की निम्मा प्रश्न सुटतो.

ब्रदर-इन-लॉ दिसला की मात्र सावध. तो मेव्हणा असेल, दाजी असतील, दीर असेल, साडू असेल, नणंदेचा नवरा असेल. पाच माणसं एका शब्दाआड उभी. झाड काढल्याशिवाय तिथे उत्तर द्यायचं नाही. मी आणि दाजी, दोघंही एकमेकांचे ब्रदर-इन-लॉ, पण कार्यात आहेर कुणाला आधी जातो हे वस्तीवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

गणिताचंही तेच. हा पोरगा रोज सकाळी दूध घालायला संकलन केंद्रावर जातो. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ ही रेघ त्याला पाठ. पॉइंट कमी लागला तर दर कितीने खाली येणार, हे पावती छापून यायच्या आत त्याच्या तोंडात असतं. पेपरात मिश्रणाचा प्रश्न आला आणि त्याने तो कोरा सोडला. ‘‘मामा, तो चॅप्टर झाला नव्हता.’’

मी पुस्तक मिटलं. म्हशीचं दूध ६ फॅटचं, गायीचं ३.५ चं, मला ४.५ चं करून दे, कसं मिसळशील? उंबऱ्यावर बसल्या बसल्या त्याने बोटं हलवली. म्हशीचं दीड पॉइंट वर, गायीचं एक पॉइंट खाली. अर्ध्या मिनिटात उत्तर. ‘‘दोन लिटर म्हशीचं, तीन गायीचं.’’

मग हा चॅप्टर कधी झाला?

शेकडेवारी, प्रमाण, नफा-तोटा, काळ-काम, व्याज. सीईटीच्या गणिताचा मोठा हिस्सा या पाचांतच फिरतो, आणि सोसायटीचं पीककर्ज, उसाचं बिल, मजुरांची उचल यांत ही पोरं ते रोज जगतात. त्यांना अडवतं ते इंग्रजी वाक्य. प्रश्न वाचून होईपर्यंत वीस सेकंद जातात, अर्थ लागेपर्यंत आणखी वीस. उरली पाच. पाच सेकंदांत कोण गणित करणार? म्हणून गणित कच्चं म्हणण्याआधी एकदा तोच प्रश्न पोराला मराठीत विचारून बघा. मराठीत सुटला तर औषध वेगळं आहे.

औषध म्हणजे इंग्रजी उतारा. पेपरातले पन्नास मार्क त्याच्या आसपासचे, आणि बाकीच्या दीडशे प्रश्नांतही बहुतेक पोरांना इंग्रजीच वाचावं लागतं.

दहावीपर्यंत मराठी माध्यम, बी.कॉम.ला अर्ध्या मराठी अर्ध्या इंग्रजी नोट्स, आणि एकदम पानभर उतारा समोर. घाबरायला होतं. त्या घाबरण्याला जो हसतो, त्याने एकदा मोडीतला कागद घडघडा वाचून दाखवावा. पण घाबरून शब्दांच्या याद्या पाठ करणं हा इलाज नव्हे. विहिरीला पाणी लागायच्या आधी मोटार आणून ठेवल्यासारखं होतं ते. इंग्रजी पेपर जवळपास प्रत्येक कॉलेजच्या ग्रंथालयात येतो आणि बऱ्याच ठिकाणी घडीसुद्धा न मोडता रद्दीत जातो. त्यातला एक लेख रोज घ्यावा. डिक्शनरी बाजूला. शेवटपर्यंत वाचावा, अडला तरी. मग मराठीत तीन ओळी लिहाव्यात, लेखकाचं म्हणणं काय ते. शब्द त्यानंतर. वीस मिनिटांचं काम आहे. आणि एक खरं सांगतो, हा भाग महिन्याभरात हलत नाही. तीन-चार महिन्यांनी एक दिवस लक्षात येतं, की अर्ध्यातच दम लागायचा बंद झाला. इंग्रजीत जो गडगडला, त्याने हे आजच सुरू करावं. परीक्षा कधी का असेना.

आता पुणे.

नापासापासून ६१ पर्सेंटाईलपर्यंत प्रत्येक दुखण्यावर आमच्या दोन तालुक्यांत एकच दवा आहे. पोरगं पुण्याला टाका. एका खोलीत सहा कॉट, मेसचा डबा, अभ्यासिकेची वेगळी फी, क्लासची वेगळी. ताई दोन गायी विकायच्या तयारीत होती. कशासाठी? पहिल्यांदा जे ऐकलं तेच पहिल्या पानापासून पुन्हा ऐकण्यासाठी? क्लास वाईट असतो असं मी म्हणत नाही. ज्याचा पायाच झाला नाही त्याने जरूर लावावा. पण ज्याला येतं आणि वेळेत येत नाही, त्याला शिकवणारा कशाला हवा? त्याला टेबल, गजर आणि पेपर हवा. या तिन्हींसाठी शंभर किलोमीटरचं एसटीचं तिकीट लागत नाही.

एक गोष्ट लागते, तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही. सीईटी संगणकावर असते. भाच्याचा सगळा सराव मोबाईलवर, तोही आडवं पडून. परीक्षेत पहिल्यांदा माऊस हातात आला तेव्हा पुढचा प्रश्न कुठून उघडायचा हेच त्याला शोधावं लागलं. या भागात कॉलेजांची वानवा नाही. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून, विद्या प्रतिष्ठान १९७२ पासून. खुद्द बारामतीत एमबीएही होतं. इंदापुरात कॉलेज आहे, भिगवणला आहे. तालुक्यातल्या प्रत्येक प्राचार्यांना माझी हात जोडून विनंती आहे. जानेवारीपासून दर रविवारी सकाळी अडीच तास संगणक कक्ष उघडा. एक शिपाई, एक गजर. बाहेरच्या पोरांनाही बसू द्या. याहून स्वस्तात कुठल्या पोराचा पर्सेंटाईल वाढतो, सांगा.

मुलाला गॅप, मुलीला स्थळ. हा न्याय कधी बदलणार?

६१ पडलेल्या मुलाला घर म्हणतं, पुढच्या वर्षी बघू. ६१ पडलेल्या मुलीला घर म्हणतं, झालं ना तुझं? दिवाळीनंतर पाहुणे यायला लागतात. पेपर दोघांचा तोच, चुका त्याच, औषध तेच. आणि पैशाचं कारण तर आता पुढे करूच नका. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि ओबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण ट्यूशन फी भरायचा निर्णय सरकारने २०२४ मध्ये घेतला. अट एवढीच, की प्रवेश कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीतून हवा. कॅपला लागतो पर्सेंटाईल. म्हणजे मुलीने सहा महिने अभ्यास करून वाढवलेला प्रत्येक मार्क घराची फी वाचवतो. पाहुण्यांना चहा देताना हा हिशेब कुणी मांडतं का?

मुलांसाठीही तो मांडावा. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत निम्मी ट्यूशन फी मिळते, पण कॅपमधून आलात तर. ‘‘कमी पडले तर मॅनेजमेंट कोट्यातून घेऊ’’ असं छाती काढून म्हणणाऱ्या बापांना मी ओळखतो. कोट्यातून घेतलं की सवलत गेली आणि वर पूर्ण फी बोकांडी बसली. आडातली मोटार विकून पोहरा घेण्याचा हा व्यवहार. चार महिने टेबलाशी बसला असता तर?

आणखी एक विचारतो. जायचंय कुठे?

भाच्याला माहीत नव्हतं. ‘‘चांगल्या कॉलेजला.’’ मुंबईचं जमनालाल बजाज १९६५ चं. तिथे जायचं तर ९९ च्या पुढेही दशांशांची मारामारी असते. पुण्यातल्या मधल्या फळीतल्या कॉलेजांचं गणित वेगळं. बारामतीतच राहून करायचं तर आणखी वेगळं. एमआयडीसीत पियाजिओची तीनचाकी बनते, फेरेरोची चॉकलेटं बनतात, डायनॅमिक्सचं चीज बनतं; तिथे माणसं, माल आणि हिशेब सांभाळणारे लागतातच. घरी राहून, कर्ज न काढता इथे एमबीए करणाऱ्याला कुणी नाक मुरडू नये. पण गाडीत बसण्याआधी गाव तरी ठरवा. जिथे ७५ ला काम होतं तिथे ९९ च्या फ्लेक्सकडे बघून रात्र का जाळायची? आणि जिथे ९९ लागतात, तिथे ७५ वर समाधान का मानायचं?

वेळेचं बोलू. २०२६-२७ च्या प्रवेशांसाठी एमबीएची सीईटी दोनदा घ्यायचं सरकारने जाहीर केलं. पहिली एप्रिलमध्ये, दुसरी मेमध्ये आणि ऐच्छिक. दोन्हींत जो पर्सेंटाईल चांगला तो धरायचा. चांगलं झालं. सर्दी-तापाने, वीज गेल्याने, एसटी चुकल्याने कुणाचं वर्ष वाया जायला नको. पण मधल्या महिन्यात पोरं काय करतात? नवीन पुस्तक घेतात!

त्या महिन्यात नवीन पुस्तकाला हातही लावायचा नाही. गती, निवड, आकृत्या, कोरे प्रश्न, एवढंच त्या महिन्यात सुधारतं, आणि तेवढं पुष्कळ असतं. इंग्रजी आणि गणिताचा पाया मागायचा असेल तर जुलै-ऑगस्टपासून लागा. आडसालीची लागण तेव्हाच करतात आणि सोळा-अठरा महिने तिला खाऊ-पिऊ घालतात. फेब्रुवारीत सुरूची लागण करून आडसालीचं टनेज मागणाऱ्याला बांधावरचा म्हातारा काय म्हणेल ते छापता येणार नाही.

त्या रविवारी गजर झाल्यावर मी भाच्याला शंभर पानी वही दिली. चुकलेला प्रत्येक प्रश्न तिच्यात. प्रश्नाशेजारी एकच शब्द, का चुकला. येत नव्हतं. घाई. वाचलं नाही. वेळ गेला. त्याला वाटत होतं, ‘येत नव्हतं’ची रांग सगळ्यात लांब असेल. चार पेपरांनंतर मोजलं. सगळ्यात लांब निघाली ‘वाचलं नाही’ची. प्रश्नात ‘नॉट’ होता, तो दिसला नव्हता. ‘किमान’ विचारलं होतं, कमाल काढलं होतं. वर्षभर ज्याला तो आपला मठ्ठपणा समजत होता, ती डोळ्यांची घाई होती. वही दाखवताना त्याचा आवाज बदलला होता. मीही क्षणभर बोललो नाही.

बारामती तालुक्यातल्या शारदानगरच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टला सोबत घेऊन उसाच्या रानात सेन्सर रोवले. जमिनीत ओल किती, कुठल्या कोपऱ्याला पाणी द्यायचं, कुठल्या नाही, हे मोबाईलवर येतं. जानेवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेलांनी ते साऱ्या जगाला दाखवलं. दाजीही बसने जाऊन ते रान बघून आले आणि आठवडाभर त्याचंच बोलत होते. सरीसरीचा ओलावा मोजायला निघालेल्या तालुक्यात पोरांच्या चुका अजून ढोबळ मापाने का मोजल्या जातात? ‘गणित कच्चं’, ‘इंग्रजीची बोंब’, ‘डोकंच नाही’. हे मोजमाप आहे का?

शंभर पानी वही कुठल्याही किराणा दुकानात मिळते. पोराने ती भरायची, आणि घरातल्या कुणीतरी आठवड्यातून एकदा ती उघडून बघायची. त्यातलं इंग्रजी कळलं नाही तरी चालेल, रांगा मोजता येतात.

परवा रात्री भाच्याचा फोन आला. ‘‘मामा, दोनशेपर्यंत पोचलो.’’

गोल टेबल?

‘‘सोडलं. शेवटी वेळ उरला तेव्हा परत आलो.’’

आणि चुका?

‘‘लिहिल्यात. ब्रदर-इन-लॉ परत गेला. मी साडू धरला, तो दीर निघाला.’’

कोरे किती, हे विचारणार तेवढ्यात मागून दाजींचा आवाज आला. ‘‘एकबी नाही म्हणावं. मी मोजल्यात.’’